कायद्याचं बोलू : नादारी, गिफ्ट डीड आणि कोर्टाला दिसणाऱ्या तारखा

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले, की मुंबईत राहणारा साधा नोकरदार किंवा दुकानदार आजही हायकोर्टात अर्ज करून स्वतःला नादार, म्हणजे कर्ज फेडू न शकणारा दिवाळखोर, जाहीर करून घेऊ शकतो. त्या एका वाक्यावर एवढे मेल आले की यावेळी दुसरा विषयच घ्यायला नको असं ठरवलं. नावं छापत नाही, रकमा थोड्या इकडेतिकडे केल्यात. आणि हो, एका आजोबांनी विचारलंय की दिवाळखोरी या शब्दात दिवा कुठून आला. जुने लोक सांगतात की पूर्वी व्यापारी बुडाला की भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसायचा, म्हणजे देणेकऱ्यांनी (ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांनी) काय ते समजून घ्यायचं. आता दिवा लावायला लागत नाही, अ‍ॅफिडेव्हिट लागतं.

प्रश्न (लालबाग) : माझा मंडप डेकोरेशन आणि केटरिंगचा धंदा होता. लॉकडाऊनमध्ये बसला तो उठलाच नाही. पर्सनल लोन, तीन क्रेडिट कार्डं, पतपेढी असं करत करत ३८ लाखांवर गेलंय. त्यातले चारेक लाख मी शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घालवले, हे घरी माहीत नाही. १४ महिन्यांपूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून राहती खोली बायकोच्या नावावर गिफ्ट केली. आता तोच मित्र म्हणतो अजून दहा महिने थांब, दोन वर्षं झाली की नादारीचा अर्ज टाक, मग खोलीला कोणी हात लावू शकत नाही. बरोबर आहे का?

उत्तर : दादा, तुमचा मित्र अर्धा कायदा वाचून आलाय. उरलेला अर्धा मी सांगते.

मुंबईसाठी अजूनही १९०९चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट चालतो. हा कायदा फक्त मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांचा, म्हणजे तुम्ही लालबागला राहता म्हणून हायकोर्ट, हेच ठाण्याला किंवा डोंबिवलीला राहत असता तर १९२०चा दुसरा कायदा आणि जिल्हा कोर्ट. २०१६ साली नवीन इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड आला, त्यात व्यक्तींसाठी अख्खा एक भाग लिहिलाय, पण तो भाग सरकारने फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता चालू केलाय. बाकी तुम्हीआम्ही अजून इंग्रजांच्याच कायद्यात. त्याचं वय कळायला एक आकडा पुरे, नादारीचा अर्ज करायला किमान कर्ज किती हवं, तर ५०० रुपये. आणि नादाराकडे काय ठेवायचं, तर धंद्याची हत्यारं, कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, फर्निचर हे सगळं मिळून ३०० रुपयांपर्यंत. तुमचं एक पातेलं त्यात बसणार नाही.

आता खोलीचं. कलम ५५ असं म्हणतं की मालमत्ता दुसऱ्याला दिल्यापासून दोन वर्षांच्या आत देणारा नादार जाहीर झाला तर तो व्यवहार ऑफिशियल असायनीच्या विरुद्ध टिकत नाही. अपवाद दोनच, खरी किंमत देऊन प्रामाणिकपणे घेतलेली असेल, किंवा लग्नाआधी लग्नासाठी म्हणून दिलेली असेल. गिफ्टमध्ये किंमत नसतेच, आणि तुमचं लग्न कधीच झालंय. हा ऑफिशियल असायनी म्हणजे कोर्टाचा अधिकारी, नादारीची ऑर्डर झाली की तुमची सगळी मालमत्ता आपोआप त्याच्या ताब्यात जाते, ती विकून तो सगळ्यांना वाटतो. खोलीचा वाद झाला तर त्यासाठी वेगळा दावा लावत बसावं लागत नाही, नादारीच्या कोर्टालाच कलम ७ खाली मालकी कोणाची, आधी हक्क कोणाचा हे सगळं ठरवायचा अधिकार आहे. असायनी अर्ज करतो, तुमच्या मिसेसना नोटीस जाते, त्या आपलं म्हणणं अ‍ॅफिडेव्हिटवर मांडतात आणि जज निकाल देतात.

तेव्हा जज काय बघतात? धंदा कसा बुडाला, तुम्ही किती कष्ट केले, हे वकील पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, जज ऐकूनही घेतात. पण समोर ठेवायला लागतात त्या तारखा. पहिला हप्ता कधी चुकला, बँकेची पहिली नोटीस कधी आली, गिफ्ट डीड रजिस्टर कधी झालं. नोटीस मार्चची आणि गिफ्ट एप्रिलचं असेल तर पुढे कितीही प्रेमाने सांगितलंत की बायकोच्या भविष्यासाठी केलं, तरी ते कागद तुमच्याआधी बोलून मोकळे झालेले असतात. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला गिफ्ट करायला मूळ स्टँप ड्युटी फक्त २०० रुपये, म्हणून हा सल्ला चहाच्या टपरीवरसुद्धा मिळतो, आणि कोर्टाने हा प्रकार इतक्या वेळा बघितलाय की त्यात नवीन काही नाही.

मग दहा महिने थांबलं तर? एक तर ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं कलम ५३ आहे, देणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूने मालमत्ता हलवली असेल तर देणेकरी ती रद्द करून मागू शकतो, तिथे ही दोन वर्षांची भिंत नाही. दुसरं म्हणजे थांबायचं की नाही हे एकट्या तुमच्या हातात नाही. पतपेढीने उद्या कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा निकाल, मिळवला तर ती तुम्हाला इन्सॉल्व्हन्सी नोटीस काढू शकते, मुदतीत पैसे भरले नाहीत की तेवढ्यावर तीच तुमच्याविरुद्ध नादारीचा अर्ज करते. (इथे एक बारीक गोष्ट, क्रेडिट कार्डवाले बहुतेक वेळा कोर्टात न जाता लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाचा, निवाडा घेतात आणि तो दाखवून घाबरवतात. लवादाचा निवाडा म्हणजे या नोटिसीपुरता हुकूमनामा नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २००६ साली मुंबई हायकोर्टातून गेलेल्याच एका प्रकरणात सांगितलंय. तशी नोटीस आली तर गप्प बसू नका, ती रद्द करून मागता येते.)

आणि तिसरं, जे मित्राने सांगितलंच नाही. नादार जाहीर झालं म्हणजे कर्ज मिटलं असं नाही. कर्जातून सुटका होते ती डिस्चार्जच्या ऑर्डरने, त्यासाठी वेगळा अर्ज, असायनीचा रिपोर्ट आणि पुन्हा सुनावणी. तिथे तुमच्या वागण्याची झाडाझडती होते. धंद्याच्या वह्या ठेवल्या होत्या का, बुडालोय हे कळूनही उधारी घेत राहिलात का, सट्टा, जुगार, उधळपट्टी केलीत का, हे कायद्यात शब्दशः लिहिलंय. ऑप्शन ट्रेडिंगचे चार लाख ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये दिसणारच आहेत, ते घरी माहीत नसले तरी. म्हणून डिस्चार्ज नाकारलाच जाईल असं नाही, जज तो पुढे ढकलू शकतात किंवा पुढच्या कमाईतला काही भाग भरत राहा अशी अट घालू शकतात. पण लपवलेलं सापडलं तर प्रकरण फौजदारीकडे जातं.

माझं मत विचारलंत तर आधी बायकोला सगळं सांगा, कोर्टाच्या नोटिसीतून तिला कळण्यापेक्षा ते बरं. मग बँकांशी लेखी सेटलमेंटचं बोला, लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, तिथे कोर्ट फी नाही आणि झालेल्या तडजोडीवर अपील नाही. अगदीच जमलं नाही तर नादारीचा अर्ज करा, पण ऑर्डरनंतर ३० दिवसांत जी मालमत्तेची आणि देण्याची यादी द्यावी लागते तिच्यात खोली आणि गिफ्ट दोन्ही स्वतःहून लिहा. ऑर्डर झाली की कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी नवीन दावा लावू शकत नाही, हा मोठा दिलासा आहे. आणि डिस्चार्ज होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून ५० रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा आहे, तेव्हा वाण्याकडे खातं लिहायला सांगताना जपून.

प्रश्न (मुलुंड) : माझ्या दिरांच्या कंपनीच्या कर्जाला माझे मिस्टर जामीन राहिले होते, दीर स्वतःही जामीन आहेत. कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये) गेली, दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली, बँकेला काही पैसे मिळाले. आम्हाला वाटलं सुटलो. आता मिस्टरांना उरलेल्या रकमेची १४ दिवसांची नोटीस आली आहे. कंपनीचं कर्ज मिटलं तर जामीन कसला? आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, माझे दागिने आहेत.

उत्तर : ताई, ही नोटीस बाजूला ठेवू नका, १४ दिवस खरंच मोजले जातात.

कंपनी विकली गेली आणि बँकेने नुकसान सोसलं म्हणजे जामीनदार सुटला, हा गैरसमज खूप मोठमोठ्या लोकांनाही होता. २१ मे २०२१ला सुप्रीम कोर्टाने ललितकुमार जैन यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीचा रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी कोण घेणार, देणेकऱ्यांना किती मिळणार याची योजना) मंजूर झाल्याने जामीनदाराची जबाबदारी आपोआप संपत नाही. मुळात १८७२च्या करार कायद्यातच आहे की कर्जदार जेवढा देणं लागतो तेवढाच जामीनदारही लागतो. आपल्याकडे सही करताना भाऊ म्हणतो अरे नुसती फॉर्मॅलिटी आहे. आठ पानी कागदावर सह्या करताना शेवटचं पान कोणी वाचलेलं मी तरी बघितलेलं नाही.

पुढे काय होईल ते सांगते. जामीनदारांसाठी २०१६च्या कोडमधला व्यक्तींचा तो भाग चालू झालाय, तारीख १ डिसेंबर २०१९. कंपनीचं प्रकरण एनसीएलटीत असल्यामुळे मिस्टरांचंही तिथेच, म्हणजे मुंबईत कफ परेडला. बँक अर्ज करते, मग एक रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमला जातो. तो मिस्टरांकडून कागद मागवतो, हिशोब बघतो आणि अर्ज मान्य करावा की फेटाळावा याचा रिपोर्ट देतो. इथे पुष्कळ लोक घाबरून चूक करतात, त्यांना वाटतं हाच आपला निकाल लावणार, म्हणून एक तर त्याच्याशी भांडतात नाहीतर फोनच उचलत नाहीत. सुप्रीम कोर्टात यावर शेकडो याचिका गेल्या होत्या की आमचं ऐकून न घेताच प्रोफेशनल कसा नेमता. ९ नोव्हेंबर २०२३ला, दिलीप जिवराजका प्रकरणात, कोर्टाने कायदा वैध ठरवला, पण सांगितलं की प्रोफेशनलचं काम माहिती गोळा करून शिफारस करण्याचं आहे, वाद मिटवण्याचं नाही. ऐकून घेऊन निर्णय देणार ट्रिब्युनल, आणि प्रोफेशनलचा रिपोर्ट त्याच्यावर बंधनकारक नाही.

म्हणजे तुमचं भांडण तिथे मांडायचं, आणि तिथे मांडण्यासारखं बरंच असतं. जामीन किती रकमेपर्यंतचा होता, मर्यादित की सगळ्याचा? नंतर कर्ज वाढवलं तेव्हा मिस्टरांची नवीन सही घेतली का? बँकेने जामीनदाराकडे पहिल्यांदा मागणी कोणत्या तारखेला केली, आणि तिथून तीन वर्षांची मुदत उलटून गेलीय का? कंपनीच्या विक्रीतून मिळालेले पैसे वजा केलेत का? हे शेवटचं तर आधी तपासा. व्याज धरून फुगवलेला आकडा नोटिशीत टाकायचा आणि आलेले पैसे वजा करायला विसरायचं, असं मी स्वतः दोन प्रकरणांत बघितलंय, बँकांची नावं सांगत नाही.

अर्ज मान्य झालाच तरी लगेच दारात लिलाव नसतो. १८० दिवसांचा मोरॅटोरियम, म्हणजे वसुलीला स्थगिती, लागतो, त्यात मिस्टर हप्त्याहप्त्याने कसं फेडणार याचा प्लॅन देतात, त्यावर देणेकरी मत देतात, आणि रकमेच्या हिशोबाने तीन चतुर्थांशाहून जास्त मतं पडली की प्लॅन ट्रिब्युनलपुढे मंजुरीला जातो. तो फिसकटला तर मग खरी बँकरप्सी.

फ्लॅटमध्ये मिस्टरांचा हिस्सा तेवढा धरला जाईल, तुमचा नाही, पण तुमच्या खात्यातून किती पैसे गेले हे दाखवायला पासबुक शोधून ठेवा. बँकरप्सीत एकुलतं एक, बोजा नसलेलं राहतं घर वाचतं खरं, पण शहरात त्याची किंमत २० लाखांच्या आत हवी. मुलुंडमध्ये २० लाखांत काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दागिने तुमचे, ते स्त्रीधन, मिस्टरांच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही, फक्त लॉकर मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर असेल तर वाद ओढवून घ्याल, तो आधी बघा.

आणि दिरांचं. तेही जामीनदार असल्याने करार कायद्याच्या कलम १४६प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर दोघांनी समान भार उचलायचा. मिस्टरांनी जास्त भरलं तर फरक दिरांकडून मागायचा हक्क आहे. घरात हा विषय काढणं अवघड आहे हे मला कळतं, सासूबाई मध्ये पडतील, पण निदान एक पत्र तारीख घालून पाठवून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं, तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, पण ते तुम्ही स्वतः पक्षकार असाल तर, मिस्टरांसाठी त्यांचे निकष वेगळे.

प्रश्न (परळ) : मी बेस्टमधून रिटायर झालो. फंडाच्या पैशातले ६ लाख शेजाऱ्याला दिले, त्याने बुडवले. सिटी सिव्हिल कोर्टातून हुकूमनामा मिळवला, बेलिफ (कोर्टाचा वसुलीचा माणूस) घेऊन जाणार तेवढ्यात कळलं की तो नादार झाला. अर्जाच्या दोन महिने आधी त्याने मेव्हण्याचे पाच लाख मात्र फेडले, हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. माझं काय?

उत्तर : काका, बेलिफ थांबवा. नादारीच्या ऑर्डरनंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुली पुढे नेता येत नाही. पण तुमचा हुकूमनामा रद्दी झाला असं नाही, तो घेऊन ऑफिशियल असायनीकडे आपलं येणं शपथपत्रावर नोंदवा. हे पहिलं काम, कारण पुढचे सगळे हक्क येणं नोंदवलेल्या माणसालाच मिळतात.

आता मेव्हणा. अर्ज करण्याआधीच्या तीन महिन्यांत नादाराने एखाद्याच देणेकऱ्याला मुद्दाम झुकतं माप दिलं असेल तर त्याच १९०९च्या कायद्याच्या कलम ५६ खाली ते पेमेंट उलटवता येतं. दोन महिने म्हणजे मुदतीत बसतंय. मात्र तारीख पुरेशी नाही, हेतू दाखवावा लागतो. मेव्हणा उभा राहून सांगेल की मी दावा लावायची धमकी दिली म्हणून त्याने घाबरून दिले, आणि खरंच दबावाखाली दिले असतील तर ते झुकतं माप ठरत नाही. मग जज विचारणार की धमकी कुठे आहे, नोटीस दाखवा, मेसेज दाखवा. तुमच्याकडे हुकूमनामा असताना तुम्हाला एक रुपया नाही आणि काही न करणाऱ्या मेव्हण्याला पाच लाख, हा मुद्दा तुमच्या वकिलाने लावून धरायचा. येणं नोंदवलेला देणेकरी कलम ३६ खाली अर्ज करून मेव्हण्याला कोर्टात बोलावून शपथेवर विचारायला लावू शकतो, बँक स्टेटमेंट मागवू शकतो. चाळीला माहीत आहे हे मात्र कोर्टात सांगू नका, चाळीला सगळंच माहीत असतं.

जिंकलात तरी ते पाच लाख तुमच्या हातात येणार नाहीत, ते सगळ्यांच्या गंगाजळीत जातात. त्यातून आधी सरकारी देणी आणि नोकरांचे पगार वगैरे, मग उरेल ते सगळ्यांना प्रमाणात. समजा उरले पाच लाख आणि एकूण देणी ४० लाख, तर तुमच्या सहा लाखांवर ७५ हजार येतील. कडू आहे, पण आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या ७५ हजारांसाठी वकिलाला किती द्यायचे हे तुम्हाला ठरवता यायला हवं. एक मात्र बघा, त्याने पैसे घेताना खोटी कागदपत्रं दाखवली होती का? फसवणूक करून केलेलं कर्ज डिस्चार्जनेही मिटत नाही. बायकोची पोटगी आणि सरकारी देणीही मिटत नाहीत.

प्रश्न (भांडुप) : मोबाईलवर जाहिरात आली, १५ हजार भरा, सरकारी फ्रेश स्टार्ट योजनेत सगळं कर्ज माफ. भरू का?

उत्तर : नको. फ्रेश स्टार्ट हे प्रकरण २०१६च्या कोडमध्ये लिहिलेलं आहे, पण चालू झालेलं नाही. चालू झालं तरी ते वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न, २० हजारांपर्यंत मालमत्ता, ३५ हजारांपर्यंत कर्ज आणि स्वतःचं घर नाही अशा माणसासाठी आहे. ज्याचं अख्खं कर्ज ३५ हजार, त्याच्याकडून १५ हजार फी मागणारा कोण असेल ते ओळखा.

प्रश्न (गिरगाव) : रिकव्हरीवाला रात्री दहाला फोन करून म्हणतो उद्या पोलीस येऊन जेलमध्ये टाकणार. माझ्या हातात खरंच काही नाही. टाकतात का?

उत्तर : पोलीस नाही टाकत. दिवाणी कर्जासाठी तुरुंग आहे, पण तो कोर्टाच्या हुकूमनाम्यानंतर, कोर्टाच्याच ऑर्डरने, जास्तीत जास्त तीन महिने. आणि १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसतं गरिबीमुळे फेडता येत नाही म्हणून माणसाला आत टाकता येणार नाही, ऐपत असून टाळतोय किंवा लबाडीने मालमत्ता हलवलीय असं दिसायला हवं. नादारीत यादी दिली की अटकेपासून संरक्षणाची ऑर्डरही मागता येते. रात्री दहाचा फोन तर सरळ रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. कॉलचे स्क्रीनशॉट काढा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

फक्त तुम्ही कुठे चेक दिला होता का, हे लिहिलेलं नाहीत. चेक परत गेला असेल तर ते प्रकरण वेगळं, फौजदारी, आणि नादार झालात तरी ते आपोआप थांबत नाही. तसं असेल तर चेकची तारीख, तो परत आल्याची तारीख आणि नोटीस मिळाल्याची तारीख, या तिन्ही कळवा, मग पुढचं बोलू.